मीटिंग चालू, खिडकी उघडी: बेळगावात घरबसल्या पक्षी कसे बघायचे

पक्षी बघायचे म्हणजे अंधारात उठायचं, गाडीला किक मारायची आणि जांबोटी-चोर्ल्याच्या दिशेनं सुटायचं, अशी आपल्याकडची समजूत. सुटावंच, कुणी नको म्हटलंय? पण पुण्या-बेंगळुरूची नोकरी लॅपटॉपमध्ये घेऊन टिळकवाडीत, वडगावात, येळ्ळुरात किंवा निपाणीत आईवडिलांच्या घरी बसलेल्या माणसाकडे एक गोष्ट आहे, जी रविवारी जंगलात जाणाऱ्याकडे नसते. तीच खिडकी, तेच झाड, रोजचे आठ-नऊ तास. घरटं कुठं बांधायचं यावरून बुलबुलाच्या जोडीनं घातलेला घोळ, कावळीण कोकिळेच्या पिल्लाला भरवतेय तो प्रकार, दुपारी दोनच्या उन्हात पाण्यावरून कोण कुणाला हुसकावतं ते राजकारण, हे सगळं एका जागी बसून राहणाऱ्यालाच दिसतं. त्यामुळं नवखे असाल तर खर्च करायच्या आधी बसायची जागा ठरवा.

आधी खुर्ची, मग दुर्बीण

टेबल खिडकीच्या काटकोनात लावा. खिडकी पाठीमागं आली तर कॅमेऱ्यात तुमचा चेहरा काळा आणि पक्षी तुमच्या पाठीशी. अगदी समोर आली तर बाहेरचा उजेड आणि स्क्रीनचा उजेड यांच्या ओढाताणीत डोळे दमतात. डावीकडं किंवा उजवीकडं असली की मान किंचित वळवली तरी काम भागतं, आणि कॅमेऱ्यात तुम्ही विचारात पडल्यासारखे दिसता.

दिशाही बघा. पूर्वेच्या खिडकीतून सकाळी फक्त काळ्या आकृत्या दिसतात, कारण ऊन पक्ष्याच्या मागून येतं. उत्तरेची खिडकी दिवसभर चांगली. पश्चिमेची सकाळी उत्तम, कारण ऊन तुमच्या पाठीमागून पक्ष्यावर पडतं. पण तीननंतर तिचा उपयोग नाही, आणि जून लागला की वाऱ्यासकट पाऊस त्याच बाजूनं आत येतो. मग टेबल हलवावं लागतं.

डोळ्यांचे डॉक्टर स्क्रीनवाल्यांना एक नियम सांगतात: दर २० मिनिटांनी २० फूट लांबच्या वस्तूकडं २० सेकंद बघा. आपल्याला तेच हवंय. पाण्याचं भांडं, लावायचं झुडूप, बांधायची वाळकी फांदी, जे काही करणार असाल ते खिडकीपासून साधारण २० फुटांवर करा. इतक्या अंतरावर बहुतेक पक्षी माणसाची फारशी पर्वा करत नाहीत, आणि नुसत्या डोळ्यांनी रंग, चोच, शेपटी कळते. फ्लॅटमध्ये असाल तर एवढं अंतर मिळत नाही. तिथं पडदा अर्धा ओढून बसायचं. पक्षी माणसापेक्षा हालचालीला जास्त बुजतो. खोलीत बाहेरच्यापेक्षा अंधार असेल तर त्याला तुम्ही जवळजवळ दिसतच नाही.

डासांची जाळी हा आपल्याकडचा खरा अडथळा. जाळीतून दुर्बीण लावली की सगळं धुरकट. सरकणारी जाळी असेल तर सकाळी तासभर बाजूला करा, आणि संध्याकाळी दिवे लावायच्या आधी आठवणीनं ओढून घ्या. नाहीतर घरचे लोक तुमच्या छंदावर बोलायला लागतील.

दुर्बिणीचं एवढंच सांगतो. ८×४२ किंवा ८×३२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहापटीची दुर्बीण नवख्याच्या हातात थरथरते. दुकानात एक गोष्ट नक्की तपासा, ती म्हणजे सर्वांत जवळ किती अंतरावर ती नीट फोकस होते. खिडकीतून बघणाऱ्याला दोन-अडीच मीटरपर्यंत फोकस होणारी हवी, नाहीतर गॅलरीच्या कठड्यावर बसलेला शिंजीर, म्हणजे फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी, दुर्बिणीत शिरणारच नाही. पहिले दोन-तीन महिने दुर्बिणीवाचूनही चालतंय.

पाणी ठेवा, दाण्यांची घाई नको

मला विचाराल तर सगळ्या युक्त्यांमध्ये ही पहिली. दाणे टाकले की चिमण्या, होले आणि पारवे येतात. पाण्यावर सगळेच येतात: किडे खाणारे, फळं खाणारे, मध पिणारे, आणि एखाद्या दुपारी त्या गर्दीवर डोळा ठेवून आलेला शिकारी पक्षी शिक्रासुद्धा.

भांडं उथळ हवं. मध्यभागी दीड-दोन इंच खोल आणि कडेला अर्धा इंच, एवढंच. मातीचं परळ सर्वांत बरं, कारण ते खडबडीत असतं, पक्ष्याचे पाय घसरत नाहीत, आणि पाणी गार राहतं. खानापूर भागात मातीकाम जुनं आहे, तिकडून येता-जाता दोन परळं घेऊन ठेवा, एक फुटतंच. स्टीलची परात नको, उन्हात तापते. प्लास्टिकचा टब गुळगुळीत आणि खोल, तोही नको. मधोमध एक चपटा दगड ठेवा, थोडा पाण्यावर आलेला. शिंपी, चष्मेवाला असले बोटभर पक्षी आधी त्या दगडावर उतरतात, पाण्याचा अंदाज घेतात, मग छाती बुडवून पंख फडफडवतात. साळुंकी असला विचार करत नाही. ती थेट मधोमध उडी मारते, अर्धं पाणी बाहेर काढते आणि वर उरलेल्यांवर ओरडते.

जागा निवडताना मांजर डोळ्यांसमोर आणा. भांड्याच्या भोवती सहा-सात फूट मोकळं असू दे, म्हणजे मांजराला दबा धरता येणार नाही. पण त्याच्या पलीकडं लगेच एखादं झाड किंवा जास्वंदीचं झुडूप हवं, कारण भिजलेल्या पक्ष्याला लांब उडता येत नाही. तो जवळच्या फांदीवर बसूनच पिसं सुकवतो, आणि तीच तुमची बघायची वेळ. दहा-दहा मिनिटं एका जागी बसलेला पक्षी एरवी कुठं मिळतो?

पाणी रोज बदला. आठवड्यातून दोनदा नारळाच्या शेंडीनं भांडं घासा, साबण लावू नका. बदललं नाही तर आठवड्या-दहा दिवसांत त्यात डास तयार होतात, आणि मग गल्लीतली सगळी पक्षीप्रीती तुमच्यावर उलटते. मार्च ते मे पाणी कधीच आटू देऊ नका. जूनचा पाऊस धरला की परळं पालथी घालून ठेवा. बेळगावच्या पावसाळ्यात पक्ष्यांना पाणी ठेवणं म्हणजे नारळाच्या बागेत शहाळं विकणं.

आता दाण्यांचं. टाकायचेच असतील तर मूठभर ज्वारी, बाजरी, राळे किंवा तांदळाची कणी, सकाळी एकदाच, तासाभरात संपेल एवढीच. रविवार पेठेतून पोतं आणून गच्चीवर ओतणारे लोक असतात. त्यांच्या गच्चीवर सहा महिन्यांनी दोनशे पारवे आणि खाली उंदीर असतात, दुसरं काही नसतं. मिठाचा भात, फरसाण, शिळा ब्रेड, बिस्किटं टाकू नका. हे पुण्यकर्माच्या नावाखाली चालतं म्हणून जरा जोरात सांगतोय.

परड्यात काय असावं

नवं लावायच्या आधी काय आहे ते बघा. आपल्या जुन्या घरांच्या परड्यात बहुधा नारळ, आंबा, शेवगा, कढीपत्ता, जास्वंद असतंच, आणि एवढ्यावर पक्ष्यांचा निम्मा संसार चालतो. शेवग्याच्या फुलावर शिंजीर येतात. कढीपत्त्याची काळी फळं बुलबुल आणि कोकीळ खातात, आणि त्यांच्यामुळंच गल्लीभर कढीपत्त्याची रोपं उगवतात. पेरू, पपई, तुती यांतलं एखादं फळ वरच्या फांदीवर मुद्दाम ठेवा. पोपट आले तर एकच ठेवून भागणार नाही, ते सोसायची तयारी ठेवा. जागा असेल तर पांगारा लावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झडून लाल फुलं आली की कावळ्यापासून शिंजीरापर्यंत सगळे त्यावर असतात. घाणेरी लावू नका. फुलपाखरं येतात हे खरं, पण ती पसरली की आवरत नाही.

आंब्यावरच्या बांडगुळाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथं बघण्यासारखं नाटक आहे. आपल्याकडच्या जुन्या आंब्यांवर बांडगूळ हमखास असतं. त्याच्याभोवती अंगठ्याएवढा, मळकट राखाडी-हिरवा पक्षी सतत ‘चिक् चिक्’ करत फिरतो. तो फुलटोच्या. बांडगुळाचं पिकलं फळ तो अख्खं गिळतो. बी मात्र चिकट असते, इतकी की शिटून नुसती खाली पडत नाही. मग तो फांदीवर आडवा बसतो आणि शेपटीचा भाग सालीवर घासून बी तिथं चिकटवतो. झालं, नवीन बांडगूळ तयार. दुर्बिणीतून हे घासणं स्वच्छ दिसतं, फक्त त्या फांदीवर नजर ठेवून बसायला हवं. बांडगुळानं आंब्याचं नुकसान होतं, त्यामुळं बाबा कोयता घेऊन वर चढणारच. त्यांना एखादी लांबची फांदी तशीच ठेवायला सांगून बघा.

पालापाचोळा रोज झाडून जाळू नका. एका कोपऱ्यात साठू द्या. सातभाईंची टोळी तो उलटापालटा करत किडे शोधते, दयाळ तिथंच उतरतो, आणि सावलीचं परडं असेल तर कस्तूरही. औषध फवारणीही शक्यतो टाळा. चिमणी दाणे खाते हे खरं, पण पिल्लांना ती किडेच भरवते.

ओळखायचं कसं

पुस्तकाचं पहिलं पान उघडून शेवटपर्यंत पाठ करायला जाऊ नका. तीन मापं डोक्यात ठेवा: चिमणी, साळुंकी, कावळा. दिसलेला पक्षी यांपैकी कुणाएवढा? त्यानंतर चोच बघा. जाड आणि आखूड असेल तर दाणे, बारीक असेल तर किडे, लांब आणि वाकडी असेल तर मध. मग शेपटी, आणि ती तो काय करतोय. उभी ठेवतोय, खालीवर हलवतोय, की पंख्यासारखी पसरतोय. रंग शेवटी. नवखे रंगापासून सुरुवात करतात आणि तिथंच फसतात, कारण रंग उन्हाप्रमाणं, वयाप्रमाणं आणि ऋतूप्रमाणं बदलतो. जांभळ्या शिंजीराचा नर विणीच्या काळात निळा-जांभळा चकाकतो. तो काळ सरला की तोच पिवळट होतो आणि गळ्याखाली मधोमध एक गडद पट्टा राहतो. कोकिळेच्या मादीवर पांढरे ठिपके आणि पट्टे असतात. तिला बघून अनेकांना वाटतं ससाणाच आला.

सुरुवातीला जोड्या लावा. गावकावळा आणि डोमकावळा: पहिल्याची मान राखाडी, दुसरा पूर्ण काळा. साळुंकी आणि जंगली मैना: साळुंकीच्या डोळ्याभोवती पिवळी कातडी, मैनेला ती नाही, तिच्या चोचीच्या मुळाशी केसांचा झुबका. लालबुड्या बुलबुल आणि शिपाई बुलबुल: दोघांच्या बुडाखाली लाल, पण शिपायाचा तुरा टोकदार, उभा आणि गालावर लाल ठिपका. दयाळ आणि चीरक: दयाळाचं पोट पांढरं, चीरकाचं काळं आणि शेपटीखाली विटकरी. एवढ्या चार जोड्या पक्क्या झाल्या की बाकीचे आपोआप वेगळे दिसायला लागतात.

कान मोकळा ठेवा

घरून काम करणाऱ्याला पक्षी दिसतात त्याच्या कितीतरी पट ऐकू येतात. त्यामुळं नॉइज कॅन्सलिंग हेडफोन दोन्ही कानांवर चढवून बसू नका, एक कान मोकळा ठेवा. माइक मात्र म्यूट. भारद्वाजाचा घुमणारा ‘हूप हूप हूप’ मॅनेजरच्या बोलण्यात मिसळला तर खुलासा करत बसावा लागतो.

दुपारी कुणीतरी लांबवर तांब्याच्या भांड्यावर ठोके घालतंय असं वाटलं तर तो तांबट. चिमणीपेक्षा जरा मोठा, हिरवा, कपाळ आणि छातीचा वरचा भाग लाल, गळा पिवळा. वठलेल्या फांदीच्या टोकावर बसून तो मान इकडंतिकडं वळवत ओरडतो, त्यामुळं आवाज कुठून येतोय तेच कळत नाही. अंगाच्या मानानं फारच मोठ्यानं ‘टुवीट टुवीट टुवीट’ करणारा शिंपी. झुडपातून उडताना पंखांचा ‘टक् टक्’ असा चुटक्या वाजवल्यासारखा आवाज काढणारा राखी वटवट्या. रात्रीच्या कॉलवर असाल आणि छपराच्या कडेला दोघं-तिघं एकदम भांडल्यासारखे चिरकायला लागले तर ते पिंगळे. अर्धा-अर्धा तास एकाच लयीत ‘चिक् चिक् चिक्’ करणारा जो पक्षी कधीच सापडत नाही, ती खार असते. तिला शोधण्यात बऱ्याच नवख्यांची जेवणाची सुट्टी जाते.

मर्लिन नावाचं मोफत ॲप आहे, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं. भारताचा संच उतरवून घेतला की ते आवाज ऐकून नाव सुचवतं. उपयोगी आहे, पण त्यानं दिलेलं नाव हा नुसता अंदाज धरा. पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत वहीत पक्कं लिहू नका. आणि बेंगळुरूच्या सहकाऱ्याच्या माइकमधून ओरडलेला कोकीळ तुमच्या परड्याच्या यादीत जात नाही. ॲपमधला आवाज मोठ्यानं वाजवून पक्षी बोलवायचा प्रकारही करू नका. विणीच्या दिवसांत नराला वाटतं कुणीतरी हद्दीत घुसलंय, आणि तो घरटं, पिल्लं सोडून त्या आवाजामागं फिरतो.

लाईट गेली की वायफाय, पंखे, शेजारचा मिक्सर, सगळं एकदम थांबतं. ऐकायला शिकायची ती सर्वांत चांगली वेळ. आपल्याकडे ती वारंवार मिळते, हे वेगळं सांगायला नको.

आपल्या जिल्ह्याचा पसारा

दुसऱ्या कुणाच्या यादीवरून स्वतःचं परडं मोजू नका. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर, सह्याद्रीच्या पाठीला टेकून बसलंय. पश्चिमेला खानापूर तालुका, तिथलं भीमगड २०११ साली अभयारण्य झालं. जांबोटी, कणकुंबीकडच्या कौलारू घरातून काम करणाऱ्याला पावसाळ्यात पहाटे माणसानं शीळ घालावी तशी शीळ ऐकू येते. तो शीळकरी कस्तूर. अंगणातल्या उंबरावर धनेश उतरणं हे तिथं आक्रीत नव्हे. तेच पूर्वेला सौंदत्ती, अथणीकडं गेलात की पाऊस कमी, माळ मोठा. तिथं चंडोल, कापशी आणि हिवाळ्यात ज्वारीच्या शेतावर उतरणारे पिवळ्या पोटाच्या भारिटांचे थवे. शहरात आणि शहराच्या आसपास दोन्हीकडचं थोडं थोडं मिळतं.

राज्यपक्ष्यांचा वाद तर आपल्याकडे घालायलाच नको. कर्नाटकाचा नीलपंख हिवाळ्यात गावाबाहेरच्या तारांवर बसलेला दिसतो, आणि महाराष्ट्राचा हरियाल फळं धरलेल्या वडा-पिंपळावर. हरियाल सकाळी कोवळ्या उन्हात झाडाच्या अगदी शेंड्याला थव्यानं बसतात. पहिला कॉल सुरू व्हायच्या आधी गच्चीवरून एक नजर टाका.

सुरुवात करायला नोव्हेंबर उत्तम. पाऊस संपलेला, हवा स्वच्छ, आणि उत्तरेचे पाहुणे येऊन स्थिरावलेले. सीमेपलीकडं महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. १२ तारीख पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या जन्माची. गच्चीवर शेपटी खालीवर हलवत तुरुतुरु धावणारा करडा धोबी, जास्वंदीत लपून ‘चक् चक्’ करणारा पण तोंड न दाखवणारा वेळू वटवट्या, हे याच पाहुण्यांपैकी. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो, त्यामुळं नऊचा कॉल असणाऱ्यालाही पहिले दोन तास मिळतात. मे महिन्यात उजाडतं सहाला, आणि आठनंतर पक्षी सावलीत जातात. मग चारपर्यंत फक्त पाण्याचं भांडं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा फुलला की गुलाबी-काळ्या भोरड्यांचे थवे येतात. मार्चपासून कोकीळ गळा काढतो, मेमध्ये पावशा ‘पेरते व्हा’ करतो, आणि जूनच्या तोंडाला चातक. जून-जुलैत कावळ्याच्या मागं मागं फिरून तोंड वासणारं भलतंच पिल्लू दिसलं तर दूरवरून बघत राहा. कोकिळेनं कावळ्याच्या घरट्यात घातलेलं अंडं ते हेच. आणि मेअखेरीस एखाद्या सकाळी घरात नऊ रंगांचा, आखूड शेपटीचा, दमलेला पक्षी शिरलेला सापडला तर तो नवरंग. तो रात्री प्रवास करतो आणि दिव्यांनी गोंधळतो. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका, फोटो काढायला हातात घेऊन फिरू नका. तरतरीत झाला की झाडी असलेल्या जागी सोडा. जखम असेल तर वनखात्याला कळवा.

घरटं झालं तर

शिंजीराचं घरटं कपडे वाळत घालायच्या तारेला लटकलेलं असू शकतं. कोळ्याच्या जाळ्यांनी बांधलेली, कचरा चिकटवलेली पिशवी, बाजूला दार आणि दारावर छोटी पडवी. काढून फेकण्याआधी नीट बघा. बुलबुलाला गॅलरीतली टांगती कुंडी आवडते. अशा वेळी कुंडी हलवू नका, पाणी कडेनं हळू घाला, आणि कपडे दुसरीकडं वाळवा. अंडं घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत छोट्या पक्ष्यांचं सगळं महिन्याभरात आटोपतं. तेवढं घरच्यांना समजावणं जमतं. जमिनीवर टुणटुण उड्या मारणारं पिसं आलेलं पिल्लू ‘वाचवायला’ घरात आणू नका. ते उडायला शिकत असतं आणि आईबाप जवळच असतात. मांजर असेल तर फक्त उचलून फांदीवर ठेवा.

चिमण्यांसाठी लाकडी पेटी लावायची तर भोक सव्वा इंचाच्या आसपास, आठ-दहा फूट उंचीवर, आणि तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. त्या बाजूला तोंड केलेली पेटी जुलैत आतून ओली होते.

दयाळ किंवा बुलबुल खिडकीच्या काचेवर, नाहीतर स्कूटरच्या आरशावर चोची मारत असेल तर तो स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडतोय. आरशावर जुना मोजा चढवा. मोठ्या काचेवर पक्षी आपटत असतील तर बाहेरच्या बाजूनं दोन-दोन इंचांवर दोऱ्या सोडा. गरुडाच्या आकाराचं एखादंच चिकटवलेलं स्टिकर कामाचं नाही, त्याच्या बाजूनं पक्षी खुशाल काचेवर आदळतात.

लिहून ठेवायचं काय

तारीख, वेळ, कोण, किती, आणि काय करत होता. या पाच गोष्टी पुरतात. ‘बुलबुल दिसला’ यात काही नाही. ‘शिपाई बुलबुल दोन, एकाच्या चोचीत नारळाची शेंडी, सकाळी ९.४०’ हे वाचून पुढच्या आठवड्यात कुठं बघायचं ते कळतं. वेगळी वही नसेल तर ऑफिसच्या डायरीचं मागचं पान घ्या. शेजारच्या काकू कंपाउंडवरून ‘काय बघालैस रे सारखं?’ म्हणून विचारतीलच. त्यांना सांगा. कुठल्या झाडात कुणाचं घरटं आहे हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं, फक्त पक्ष्याचं नाव त्या मराठीत सांगतात की कन्नडमध्ये, एवढाच प्रश्न.

नोंदी जमायला लागल्या की ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाका. एका जागी बसून पंधरा मिनिटांत दिसलेले सगळे पक्षी, कावळे-पारव्यांसकट. कावळे गाळले तर यादी अपुरी ठरते. फेब्रुवारीत दरवर्षी चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ नावाची जागतिक मोजणी असते. ती अमेरिकेत १९९८ला सुरू झाली, भारतातून २०१३पासून लोक भाग घेतात. शुक्रवार ते सोमवार, म्हणजे त्यातले दोन दिवस कामाचे. किमान पंधरा मिनिटांची एक यादी लागते, तेवढी जेवणाच्या सुट्टीत होते. शनिवार-रविवारी काकूंनाही बसवा.